मावठीतलं बोरन्हाण

जयपूरचा हिवाळ्यातला सूर्य सरकारी खिडकीसारखा असतो. दहाला उघडणार असं लिहिलेलं असतं, उघडतो अकराला, दोनला जेवायला जातो, आणि एखाद्या दिवशी काहीही कारण न देता उघडतच नाही. लोक मात्र रांग लावून बसलेले असतात. संत्री सोलत, शेंगा फोडत, कुणाच्याही नावाने बोटं न मोडता. हा धीर त्यांना कुठून येतो, हे विभाला इथे चार हिवाळे काढूनही समजलं नव्हतं. ती साताऱ्याची. तिच्याकडे थंडी म्हणजे थंडी आणि ऊन म्हणजे ऊन. दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबुड करायची नाही.

हे समजलं असतं तर तिने आठवड्याचं वेळापत्रक होऊच दिलं नसतं.

झालं होतं असं, की संकेतला त्याच्या कंपनीने तीन वर्षांसाठी नेदरलँड्सला पाठवायचं ठरवलं. संकेत म्हणजे विभाचा एकुलता एक. तो, त्याची बायको तनया आणि दहा महिन्यांचा अर्णव पुढच्या गुरुवारी निघणार होते. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, रथसप्तमी. म्हणजे संक्रांत होऊन गेली आणि रथसप्तमी यायचीय, एवढ्या फटीत एकच रविवार उरला होता.

"रविवारी गच्चीवर अर्णवचं बोरन्हाण," विभाने जाहीर केलं. "आणि दागिने घरच्या हलव्याचे."

पहिल्या वाक्यापर्यंत सगळं ठीक होतं. घात केला तो दुसऱ्याने.

"आई, मतलब, एवढा त्रास कशाला?" तनया म्हणाली. ती इंदूरची. तिचं मराठी गोड होतं आणि त्यात अधूनमधून हिंदीचा खडा लागायचा. "ऑनलाइन अख्खा सेट मिळतो. मुकुट, हार, बासरी पण."

"विकतच्या हलव्यात घरची माया नसते," विभा म्हणाली. हे वाक्य तिला स्वतःलाच मसाल्याच्या जाहिरातीतलं वाटलं, पण तोंडातून गेलं होतं. माणसाच्या आयुष्यातले बरेचसे प्रकल्प असेच सुरू होतात.

आता हलवा करणं म्हणजे काय, हे ज्यांनी कुणाला करताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मंद आचेवर परात ठेवायची, त्यात मूठभर तीळ, त्यावर चमचाभर पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. सुकला की पुन्हा चमचाभर. असं तीन दिवस. तिळाचा दाणा फुगत जातो आणि नशीब असेल तर त्याच्या अंगावर पांढरे बारीक काटे उभे राहतात. नशीब म्हणजे हवा. कोरडी, झोंबणारी थंडी हवी. ढग आले, दमटपणा आला, की काटा बसलाच.

आणि बोरन्हाणाला काय हवं? ऊब. दहा महिन्यांचं लेकरू पातळ काळ्या झबल्यात उघड्यावर बसवायचं, त्याच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे, म्हणजे छान मऊ ऊन पाहिजे. थोडक्यात, एकाच आठवड्यात एकाच आभाळाने आधी कडक उपास करायचा आणि मग हसतमुखाने जेवायला बसायचं. तेही विभा सांगेल त्या दिवशी.

हे जमवायची जबाबदारी नंदकिशोरने घेतली. विभाचा नवरा विमा कंपनीत अधिकारी होता आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. उभा जन्म आगी, पूर आणि पालथे ट्रक यांची शक्यता मोजण्यात गेल्यामुळे आभाळ त्याला किरकोळ वाटायचं. त्याच्या मोबाइलवर हवामानाची तीन अ‍ॅप होती आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. त्याने तिघांची सरासरी काढली आणि तक्ता फ्रिजवर लावला. सोम, मंगळ, बुध: कोरडी थंडी, हलवा. गुरुवार: दागिने ओवणे. शुक्रवार: बोरं, ऊस, चुरमुरे. शनिवार: गच्ची झाडणे. रविवारच्या चौकटीत त्याने 'ऊन' असं लिहून खाली सही केली होती.

"सही कशाला?" विभाने विचारलं.

"जबाबदारी कुणीतरी घ्यायला नको?" तो म्हणाला.

सोमवारी सकाळी सहाला विभा परातीपाशी बसली आणि साडेसहाला उठून तिने स्वयंपाकघराची खिडकी पुसली. पुसून काही उपयोग झाला नाही, कारण धूसर काच नव्हती, जग होतं. मुरलीपुऱ्यावर असं धुकं उतरलं होतं की समोरची बिल्डिंगच गायब. सीकर रोडवरून ट्रकचे भोंगे ऐकू येत होते, ट्रक दिसत नव्हते. तरी ती दुपारपर्यंत पाक घालत राहिली. दाणे गोल झाले, गुळगुळीत झाले, चकचकीतही झाले. काटा म्हणून नाही. शेताच्या बांधावर पोत्यातून सांडलेल्या खताच्या दाण्यांसारखे ते परातीत लोळत राहिले.

तेवढ्यात साताऱ्याहून मंदाकिनीवहिनींचा फोन आला. इथल्या हिंदी पेपरात थंडीपावसाचं सगळं खापर 'पश्चिमी विक्षोभ' नावाच्या गोष्टीवर फोडतात. तो पश्चिमेकडून येतो, कधी येईल सांगता येत नाही आणि आला की तापमान उतरतं, असं वाचल्यापासून विभाला तो आपल्या थोरल्या जावेचा फोनच वाटायचा.

"काटा आला का?"

"येतोय हळूहळू."

"म्हणजे नाही आला," मंदाकिनीवहिनी म्हणाल्या. "अगं, तुझा हातच गरम. सासूबाई म्हणायच्या ना, विभाला परातीला हात लावू देऊ नका. काहींचा हातच तसा असतो, त्यात वाईट वाटून नाही घ्यायचं. विकतचा आण."

ज्या वाक्यात 'वाईट वाटून नाही घ्यायचं' येतं ते त्याच कामासाठी बोललेलं असतं. विभाने ते नीट वाटून घेतलं आणि दुपारी उरलेल्या रागाच्या जोरावर गच्चीचा अर्ज लिहिला.

अर्ज लागायचं कारण पतंग. संक्रांतीला अख्खं जयपूर गच्चीवर असतं. या बिल्डिंगचंही होतं. त्या धामधुमीत कुणाच्या तरी मांज्याने म्हणा, पायाने म्हणा, टाकीचा पाइप तुटला आणि वरच्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटांच्या छतातून पाणी ठिबकलं. तेव्हापासून गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरी माथुरसाहेबांच्या कमरेला. माथुरसाहेब पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. कागद हातात आल्याशिवाय त्यांना समोरचा माणूस पूर्ण दिसत नसे.

"बोरन्हाण," त्यांनी एकेक अक्षर वाचलं. "ये क्या होता है?"

"बच्चे को बेर से नहलाते हैं."

"छत पर नहाना वर्जित है."

"पानी नहीं लगता."

माथुरसाहेबांनी चष्मा काढला. "बहनजी, बत्तीस साल पानी का ही काम किया है. बिना पानी का स्नान पहली बार सुन रहा हूँ."

विभाने समजावलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, मुलांनी ते वेचायचे. माथुरसाहेबांनी शांतपणे ऐकलं, अगदी मान डोलावली, आणि अर्जावर शेरा मारला: 'बेर की गुठली से नाली जाम होने की आशंका. स्पष्टीकरण दें.'

दुसरा अर्ज नंदकिशोरने लिहिला, कारण आशंका हा त्याचा प्रांत होता. गोळा केलेल्या प्रत्येक बीची जबाबदारी अर्जदाराची राहील, असं त्याने त्यात लेखी दिलं. तो मंजूर झाला. रविवार, अकरा ते एक. किल्ली साडेदहाला मिळेल. दिवस बदलल्यास नवा अर्ज, चार दिवस आधी.

"दिवस कशाला बदलतोय?" नंदकिशोर म्हणाला आणि फ्रिजकडे अभिमानाने बघून आला.

मंगळवारी धुकं कायम. मग नंदकिशोरच्या डोक्यात शास्त्र शिरलं. हवा कोरडी नाही ना? मग आपण कोरडी करू. त्याने स्वयंपाकघराच्या दाराला पलंगपोस लावला, आत हीटर, ब्लोअर आणि तनयाचा केस वाळवायचा ड्रायर असं सैन्य उभं केलं आणि एकदम तिन्ही सुरू केले. पाच मिनिटं विभाला खरोखर वाळवंटात बसल्यासारखं वाटलं. सहाव्या मिनिटाला फट् असा आवाज आला आणि अख्ख्या विंगची वीज गेली. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ भाजीसकट अडकले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे मेथी होती आणि मत होतं, आणि दोन्ही त्यांनी जिन्यात सगळ्यांना दाखवलं.

समोरच्या फ्लॅटमधली सोनम मेणबत्ती घेऊन आली, मागून तिच्या सासूबाई. खंडेलवालांच्या या सासवा-सुना बिल्डिंगमधल्या सगळ्यात कामसू बायका. थंडी पडली की त्यांच्या मुगाच्या मंगोड्या, म्हणजे आपले सांडगे, सुरू व्हायच्या. कुलूप लागल्यापासून त्या खिडकीच्या जाळीवर वाळत होत्या आणि वाळत नव्हत्या. सासूबाईंनी मेणबत्ती परातीवर धरली, एक दाणा उचलला, चाखला.

"बढ़िया तो है. एकदम चिकना."

"चिकना नहीं चाहिए, माँजी. काँटा चाहिए," विभा म्हणाली आणि तिचा आवाज तिला नको होता तेवढा बारीक झाला.

सासूबाईंना काटा कशाला हवा ते कळलं नाही, पण हवा आहे हे कळलं. चाँदपोलच्या एका गल्लीत रामस्वरूपजी म्हणून आहेत, देवळांसाठी इलायचीदाणे करतात, त्यांना जाऊन भेट, असं त्यांनी सांगितलं. "शक्कर उनसे पूछकर जमती है," त्या म्हणाल्या.

बुधवारी विभा गेली. जाताना वाटेत हातगाडीवर बोरं इतकी छान दिसली की तिने शुक्रवारची खरेदी तिथेच उरकली. तक्त्याला पहिला तडा तिच्याच हाताने गेला. रामस्वरूपजींचं दुकान म्हणजे अंधारी खोली. छताला साखळीने टांगलेली मोठी तांब्याची परात, खाली निखारे, आणि सत्तरीचे रामस्वरूपजी ती परात पाळण्यासारखी झुलवतायत. आत दाणे सळसळत होते, मोत्यासारखे, एकसारखे.

विभाने आपले खताचे दाणे पुढे केले. "इस पर काँटा नहीं आता."

"तो अच्छा है ना," रामस्वरूपजी म्हणाले.

"नहीं, लाना है."

परात थांबली. "काँटा? बहनजी, काँटा तो ऐब है. चालीस साल से काँटा ही मिटा रहा हूँ."

त्यांनी कोपऱ्यातला एक डबा ओढला आणि दाराकडे एकदा बघून उघडला. आत बिघडलेला माल होता. विभाने वाकून पाहिलं. पांढरेशुभ्र, टपोरे, अंगभर उभे काटे. साताऱ्यात ज्याला हळदीकुंकवाला दहा बायकांनी हातात घेऊन 'अगं बाई' म्हटलं असतं असा हलवा.

"इसका क्या करते हैं?"

"वापस घोल देते हैं," म्हातारबुवा ओशाळून म्हणाले. "शरम आती है."

एवढ्याशा डब्यात एका संस्कृतीचा असा अपमान विभाने कधी पाहिला नव्हता. पण ती गरजू होती. तिने पदर सावरला आणि विचारलं, "ये गलती होती कैसे है?"

कामात झालेल्या चुका सांगायला कुणालाच आवडत नाही. पण चाळीस वर्षांत त्या कुणी मन लावून विचारल्याही नव्हत्या. रामस्वरूपजी हळूहळू खुलले. पाक जरा जास्त घट्ट झाला की होतं. तो उंचावरून थेंबथेंब पडला की होतं. हलवायचा आळस केला, दाण्याला मध्येच निवांत सोडलं, की हमखास होतं. विभा सोमवारपासून परात इतकी जीव तोडून हलवत होती की काट्याला उभं राहायला फुरसतच मिळाली नसणार.

"और मौसम?" तिने विचारलं.

"सूखी ठंड में गलती सबसे ज़्यादा होती है," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी खिडकीबाहेर समोरची बिल्डिंग परत आली होती. आभाळ धुऊन पुसून ठेवलेलं, हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत. विभा शाल गुंडाळून बसली आणि जन्मात पहिल्यांदा मन लावून चुका करू लागली. घट्ट पाक, वरून थेंब, मग आळस. आळसाचं तिला जड गेलं. तेहतीस वर्षं संसार केलेल्या बाईला परात आचेवर असताना हात मांडीवर ठेवून बसणं सोपं नसतं. अकराच्या सुमाराला तिने एक दाणा चिमटीत धरला आणि तो टोचला. इतकं हलकं, की आधी तिला भास वाटला.

तिने काही आरडाओरडा केला नाही. फक्त साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला.

"कॅमेरा पूस आधी," मंदाकिनीवहिनी म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांचं एकच भिंग पडद्यावर दिसत राहिलं. "आलाय," त्या म्हणाल्या. "बारीक आहे."

मंदाकिनीवहिनींच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक. 'बारीक आहे' हा त्यावरचा कर.

शुक्रवारही तसाच खणखणीत गेला. शनिवारी विभा, तनया आणि सोनम सुया-दोरे घेऊन दिवसभर बसल्या. मुकुट झाला, हार झाला, बाजूबंद झाले, पुठ्ठ्याच्या बासरीला हलवा चिकटवून झाला. सोनमला या प्रकारात इतका रस आला की तिने अर्णवसाठी एक कंबरपट्टा आपल्या मनाने केला, आणि तो सगळ्यात सुबक झाला हे विभाने मोठ्या मनाने दोनदा म्हटलं आणि मनात एकदाही नाही.

संध्याकाळी नंदकिशोर पेपर घेऊन आला. घडी तशीच होती, पण तो ज्या तऱ्हेने ती धरून होता त्यावरून विभाला कळलं.

"किती टक्के?" तिने विचारलं.

"तिन्ही अ‍ॅपचं एकमत झालंय," तो म्हणाला.

इथे हिवाळ्यातल्या पावसाला मावठ म्हणतात. रविवारी पहाटेपासून ती लागली. गडगडाट नाही, वारा नाही, नुसती संथ रिपरिप. आणि त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे अख्खं शहर खूश. गव्हाला सोनं, हरभऱ्याला सोनं. दूधवाला भिजून आला आणि म्हणाला, "अमृत बरस रहा है, भाभीजी." सोनमच्या सासूबाईंनी आनंदाने भजी तळली आणि गरम गरम आणून दिली. बिल्डिंगमधले लोक जिन्यात एकमेकांचं अभिनंदन करत होते, आणि त्या उत्सवात एकट्या विभाच्या घरी सुतक होतं. जयपूरच्या महाराष्ट्र मंडळातल्या पाहुण्यांचे फोन साडेनऊला सुरू झाले. सिव्हिल लाइन्सचे लोक तिकडे पाणी साचलंय म्हणाले, आदर्श नगरचे मुलाला सर्दी आहे म्हणाले. बावीसजण येणार होते. दहाला शून्य.

साडेदहाला माथुरसाहेब किल्ली घेऊन हजर झाले. नियम तो नियम. "पानी आपने नहीं डाला, मानता हूँ," ते म्हणाले. "पर पानी तो है."

"घरातच करूया ना," तनया म्हणाली. पण अर्णवचं नाक सकाळपासून वाहत होतं, खोलीत ओल आली होती, आणि दागिने हवेला काढताच हाराचे दोन दाणे बोटाला चिकटले. नंदकिशोरने बुटांच्या खोक्यांतून वर्षानुवर्षं जमवलेल्या ओल शोषायच्या पुड्या आणल्या, दागिने त्यांच्यासकट स्टीलच्या डब्यात ठेवले आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. तक्ता त्याने स्वतः फ्रिजवरून काढला.  कुणीतरी दोन शब्द बोलायला हवे होते, असं त्याच्या पाठीकडे बघून विभाला वाटलं, पण तिचं स्वतःचंच काही ठिकाणावर नव्हतं.

बुधवारसाठी नवा अर्ज? चार दिवसांची मुदत निघून गेली होती, आणि बुधवारी टाकी साफ करायला माणसं यायची होती.

"आई, जाऊ दे आता," रात्री जेवताना संकेत म्हणाला. बदल्यांच्या गावांत वाढलेला हा मुलगा कुठलीही गोष्ट पटकन मागे सोडायला शिकला होता. "तीन वर्षांनी येणारच आहोत ना. मतलब, पाच वर्षांपर्यंत चालतं म्हणतेस."

"चालतं," विभा म्हणाली.

तिने हिशेब आधीच केला होता. तीन वर्षांनी अर्णव चार वर्षांचा घोडा होणार. पाटावर बसेल का? बसला तर 'आजी' म्हणेल की आणखी काही? तिने संकेतला आणखी एक पोळी वाढली. त्याने नको म्हटलेली होती.

सोमवारी गारठा असा पडला की लहान मुलांच्या शाळांना जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली. घरात बॅगा उघडल्या गेल्या. अर्णवचं काळं झबलं तनयाने एका बॅगेत ठेवलं, मग काढून बाहेर ठेवलं, मग पुन्हा ठेवलं. विभाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मंगळवारी सकाळी अकराला ऊन पडलं.

कुठलाही अंदाज नसताना, कुणाची सही नसताना, नुसतं पडलं. आधी खिडकीच्या गजांवर, मग ओट्यावर, मग एकदम सगळीकडे. जिन्यात पायांचे आवाज सुरू झाले. विभाने दार उघडलं तर सोनम डोक्यावर रजईचं गाठोडं घेऊन वर निघाली होती, मागून सासूबाई मंगोड्यांच्या ताटासह, त्यांच्यामागे सुट्टी लागलेली आठ-दहा पोरं.

"चलो आंटीजी, मुन्ने को भी ले आओ! धूप आई है!"

लिफ्ट मावठीपासून बंद होती. विभा अर्णवला घेऊन चार मजले चढली. गच्चीचं दार सताड उघडं. कठड्यांवर रजया पसरलेल्या, चटया टाकलेल्या, संत्र्यांच्या सालीचा वास, आणि मधोमध खुर्ची उन्हाकडे करून, मफलर सोडून, डोळे मिटून साक्षात माथुरसाहेब. बावीस लोक फोनवरून बोलावून जमले नव्हते. इथे न बोलावता चाळीस होते.

विभाने एकदा गच्चीकडे पाहिलं, एकदा नाहरगडाच्या बाजूला. डोंगरामागून एक राखाडी ढग सावकाश डोकं वर काढत होता.

"तनया," ती जिन्यात तोंड घालून ओरडली, "डबा आण! आणि पाट! आणि झबलं!"

मग ती माथुरसाहेबांसमोर उभी राहिली. "साहब, वो अर्जी तो..."

माथुरसाहेबांनी डोळेही उघडले नाहीत. "कैसी अर्जी? धूप निकली है, बहनजी. धूप में कौन अर्जी देता है."

तनया धापा टाकत आली. चिकटपट्टी निघाली. विभाने झाकण उघडलं. काटा होता. सगळा नाही, थोडा बसला होता, पण होता. बुधवारची बोरं निम्मी घरातच संपली होती आणि उरलेली म्हाताऱ्या बायांच्या गालांसारखी झाली होती; सासूबाईंनी आपल्या पिशवीतली ताजी दिली. कुणी शेंगा आणल्या, कुणी रेवड्या. माथुरसाहेबांनी खिशातून कागदात बांधलेली तिळाची गजक काढली, निम्मी मोडून दिली, निम्मी परत ठेवली.

"आई, संकेत?" तनया म्हणाली. "मी फोन केलाय. तो निघाला, पण सीतापुऱ्याहून..."

सीतापुरा म्हणजे शहराचं दुसरं टोक. तासभर तरी. विभाचा फोन वाजला.

"आई, मी बाइकवर आहे, सिग्नलला. थांबा हं. मी आल्याशिवाय करू नका."

नंदकिशोर कुठल्यातरी जळलेल्या गोदामाच्या पाहणीला गेलेला, म्हणजे तोही नाही. विभाने ढगाकडे बघितलं. तिच्या आयुष्यात तिने या मुलासाठी स्टेशनांवर, शाळांच्या फाटकांवर, दवाखान्यांच्या बाकांवर जितकं थांबायचं तितकं थांबून झालं होतं.

"थांबत नाही रे," ती म्हणाली. "ऊन जाईल. तू ये. सावकाश ये."

अर्णव पाटावर बसला. मुकुट त्याच्या एका कानावर आला. बासरी त्याने हातात घेतली, तिचा नीट विचार केला आणि खायला सुरुवात केली. औक्षणाची वात दोनदा विझली. तिसऱ्यांदा सोनमने ओढणीचा आडोसा केला. मग विभाने बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे, सगळं ताटातून ओंजळीत घेतलं आणि त्याच्या डोक्यावरून सोडलं. एक क्षण अर्णव स्तब्ध राहिला. मग त्याने आभाळाकडे पाहिलं, की हे कुणी केलं, आणि हसला. तोवर पोरं तुटून पडली होती. एक बोर माथुरसाहेबांच्या चपलेपाशी घरंगळलं. त्यांनी ते उचललं, पुसलं, खाल्लं आणि बी मुठीत घट्ट धरून ठेवली.

दागिने पोरांनी वाटून घेतले. तसंच करायचं असतं. पाच मिनिटांत कंबरपट्टा नाहीसा झाला, दहा मिनिटांत हार. एका मुलीने जिभेवर दाणा ठेवून आईला सांगितलं, "मम्मी, ये चुभता है!" विभाने ऐकलं, आणि ती मुलगी कुठल्या मजल्यावरची आहे ते लक्षात ठेवलं.

संकेत आला तेव्हा अर्णव सोनमच्या सासूबाईंच्या खांद्यावर झोपला होता. खालपासून जिना धावत चढल्यामुळे संकेतला दम लागला होता. हेल्मेट डोक्यावरच, पाठीला लॅपटॉपची बॅग. ढगाची कड टाकीपर्यंत पोचली होती.

"झालं?"

"झालं," तनया म्हणाली. "व्हिडिओ काढायचा राहिला. सगळ्यांचे हात भरलेले होते."

त्याने गच्चीभर नजर फिरवली. चुरमुरे, साली, रिकामा पाट. मग तो त्या पाटावरच बसला, कारण जवळ बसायला तेच होतं.

एकतीस वर्षांचा होता. त्याच्या पहिल्या संक्रांतीला नंदकिशोरची बदली इटारसीला झाली होती आणि खोकी मार्चपर्यंत उघडली नव्हती. त्या वर्षी बोरन्हाण झालंच नाही, ही गोष्ट विभाने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. साताऱ्याला तिच्या सासूबाईंना पत्रात 'छान पार पडलं' असं लिहिलं होतं.

ताटाच्या कडेला सहा-सात बोरं उरली होती, थोडे चुरमुरे, मुकुटाचे तुटके दाणे. विभाने ती ओंजळीत घेतली.

"ये कितने साल की उमर तक करते हैं?" सोनमच्या सासूबाईंनी विचारलं.

"पाँच," विभा म्हणाली आणि पाटाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आई, अगं काय करतेयस? सगळे बघतायत."

"हेल्मेट काढ," विभा म्हणाली.